बदलीवर गेलेला

आमच्या लालबागच्या चाळीतल्या मंडळाने परवा एक स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर गणपती आणि चौथ्या पानावर 'आपल्या चाळीचा वीर जवान' या मथळ्याखाली वीस ओळींचं चरित्र. मंडळाचा अध्यक्ष, जो चीनच्या लढाईच्या वेळी जन्मलाही नव्हता, स्वतः घरी येऊन प्रत देऊन गेला. मी चष्मा लावून वाचायला बसलो. 'लहानपणापासून शांत, अभ्यासू आणि मितभाषी. गणितात नेहमी पहिला. नीटनेटकेपणाची विशेष आवड.' वाचून माझं डोकं फिरलं.

शांत आणि तो? त्याच्या आवाजाने तिसऱ्या मजल्यावरची तान्ही पोरं जागी व्हायची. गणित म्हणाल तर सातवीला दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा शाळेनेच त्याला हात जोडले. नीटनेटकेपणाचं विचारूच नका. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावण्याची त्याला जन्माची खोड होती आणि कुणी दाखवून दिलं तर म्हणायचा, "खालची घरं रिकामी राहत नाहीत ना? मग झालं."

शांत, अभ्यासू, गणितात पहिला, तो मी. त्या वीस ओळी माझ्या आहेत. जन्मगाव माझं, शाळा माझी, वडिलांचा हुद्दासुद्धा माझ्या वडिलांचा. फक्त मेला तो. हे असं कसं झालं ते सांगू शकणारा आता चाळीत मी एकटा उरलो आहे, आणि हा माणूस मेल्यावरही माझ्या मागची कटकट संपवत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. नावं मात्र लिहिणार नाही. त्याचंही नाही आणि माझंही नाही. त्यालाही कारण आहे.

चाळ त्याला 'बदली' म्हणायची. हे नाव त्याला गिरणीमुळे मिळालं. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याला गिरणीच्या दारात उभा राहणारा. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला, म्हणजे कुणी कामावर आला नाही, की मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील त्याने आत जाऊन त्या माणसाचा साचा, म्हणजे माग, चालवायचा. कायमवाला परत आला की बदलीवाल्याने बाहेर यायचं. याचे वडील साचेवालेच होते. एका दुपारी छातीत कळ येऊन ते साच्यापाशीच बसले ते उठलेच नाहीत. हा तेव्हा सोळा वर्षांचा होता. वडिलांचा दहावा व्हायच्या आत हा दारात जाऊन उभा राहिला आणि मुकादमाने, दया म्हणून की सोय म्हणून कोण जाणे, याला बापाच्याच साच्यावर घातलं. तेव्हापासून रिकामी जागा याला बघवेना.

गिरणीत हे ठीक आहे. पण हा घरी येऊनही बदलीच राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला जिना चढवत नाही, म्हणून नळावर तिचा नंबर हा धरणार. कुणाचा रेशनचा नंबर, कुणाची गणपतीतली पहाऱ्याची पाळी, पत्त्यांत चौथा गडी, तिरडीला चौथा खांदा, कुठेही माणूस कमी पडला की हा हजर. भजनात एकदा पखवाजवाला आला नाही म्हणून हा पखवाजावर बसला. पखवाजाचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. बुवांनी पहिल्या अभंगालाच हात जोडले. मी खाली ओढून आणून विचारलं, "अरे, येत नाही तर बसलास कशाला?"

"जागा रिकामी होती," तो म्हणाला. "तशीच ठेवायची?"

 मी चाळीतला एकुलता एक मॅट्रिक, म्हणून बुवांची समजूत घालायला मलाच जावं लागलं.

त्याची आई, आमच्या समोरच्या खोलीतल्या काकी, मालवणकडच्या. खोलीत गावाकडच्या आठ-दहा गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. पहाटेपासून चूल, पाण्याचा खर्च मोठा आणि पाणी भरणारा मुलगा जगाच्या सेवेला. काकी गॅलरीत उभ्या राहून खाली नळाकडे बघत ओरडायच्या, "मेल्या, तुझ्या आवशीच्या घशाक कोरड पडली आणि तू जगाची पिंपां भरतंस?" तो खालून हसून हात करायचा आणि आणखी एक हंडा दुसऱ्याच्याच दारात नेऊन ठेवायचा. मग काकींचे हंडे कुणी भरायचे? मी. शिव्या घालत घालत, पण मीच भरायचो.

तळमजल्यावरच्या एका फिटरचं लग्न जमत होतं. मुलगी गिरगावात, बघायला जायचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी फिटरचे डोळे आले. दोन्ही डोळे लाल, चिकटलेले, अशा माणसाने मुलगी बघायला जायचं कसं? फिटरच्या मामाने निरोप पाठवून दिवस बदलला असता तर संपलं असतं. पण याने ते ऐकलं मात्र, फिटरचा कोट घातला आणि मामाबरोबर गेला. पोहे खाल्ले. विचारलं ते सगळं फिटरचं सांगितलं, खरंखरं सांगितलं. मुलगी पसंत आहे का म्हटल्यावर हो म्हणून आला. साखरपुड्याला खरा फिटर पाटावर बसला तेव्हा मुलीची आजी सगळ्यांदेखत म्हणाली, "हा तो नव्हे. तो हसरा होता." लग्न झालं, संसारही चांगला झाला, पण फिटर दोन वर्षं याच्याशी बोलला नाही. याला त्याचं काहीच नाही. "मुलगी चांगली होती की नाही सांग," एवढंच मला म्हणायचा.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरणगाव पेटलेलं होतं. सकाळी प्रभातफेऱ्या, संध्याकाळी सभा, भिंतींवर गेरूने लिहिलेल्या घोषणा. चाळीचाळींतून सत्याग्रहींच्या तुकड्या निघायच्या आणि नावं आधी द्यावी लागायची. या काळात मी चाळीचा वक्ता होतो. जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभं राहून पेपर मोठ्याने वाचायचो आणि वाचून झाल्यावर आपलेही चार शब्द घालायचो. लोक टाळ्या वाजवायचे. माझा आवाज बरा होता आणि मला तो ऐकायला आवडायचाही, खोटं कशाला बोलू.

फिटरने एका तुकडीत नाव दिलं होतं. तुकडी निघायच्या सकाळी त्याच्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. तो बिचारा दारात उभा, एक पाय आत, एक बाहेर. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने याच्याकडे पाहिलं. झालं, हा निघाला. पोलिसांनी नाव विचारलं तेव्हा याने फिटरचं नाव सांगितलं, यादीत तेच होतं म्हणून. लाठी कपाळावर बसली, डाव्या भुवईच्या वर चांगलं दोन बोटं कपाळ उघडलं. पट्टी बांधून तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा नाक्यावर लोकांनी हार घातले, फिटरच्या नावाचा जयजयकार झाला, आणि हा सगळे हार हातात घेऊन थेट तळमजल्यावर गेला. "घे, तुझे आहेत," म्हणाला. फिटरने ते गळ्यात घातले आणि बाळाला मांडीवर घेऊन फोटोही काढून घेतला.

माझा संताप संताप झाला. "अरे, तुरुंगात तू गेलास. डोकं तुझं फुटलं. नाव कुणाचं?"

"नावाचं काय लोणचं घालायचंय?" तो म्हणाला. "तिथं माणूस उभा होता की नव्हता?"

"आणि हे कपाळ?"

त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं. "हे राहू दे माझ्याकडं."

आता जे सांगायचं ते मी इतकी वर्षं टाळलं. पायरीवरून बोलता बोलता एका संध्याकाळी मी म्हणालो की नुसत्या घोषणा पुरे, जवान पोरांनी फौजेत जायला हवं, मी तर जाणार. टाळ्या पडल्या. कुणीतरी खालून ओरडलं, "मॅट्रिक, बोलतोस की जातोस?" झालं, दुसऱ्या दिवशी चार जणांच्या देखत मी अर्ज भरला. महिनाभराने भरतीचं पत्र आलं. अमुक दिवशी सकाळी शाळेचा दाखला घेऊन हजर राहा. ते पत्र मी घरात वाचून दाखवलं. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी पत्राची घडी करून ते टेबलावर ठेवलं. त्या सकाळी मी अंगावर चादर ओढून पडून राहिलो आणि अंगात कणकण आहे म्हणालो. ताप नव्हता. मी घाबरलो होतो.

तो बोलवायला आला होता, मला सोडायला येणार होता म्हणून. त्याने माझ्या कपाळाला हात लावला, टेबलावरचं पत्र बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"खाडा पडेल तुझा," तो म्हणाला.

"पडू दे."

"पडू दे काय? सगळ्या चाळीत बोललायस. दे दाखला, मी जाऊन येतो. माझी छाती बघ, उंदराची. तासाभरात हाकलतील. मग चाळीत सांग, गेलो होतो, घेतलं नाही. तू पण सुटलास, मी पण सुटलो."

मला ते पटलं. मला त्या सकाळी काहीही पटलं असतं. त्या काळी दाखल्यावर फोटो नसे. त्याने दाखला घेतला, माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट घेतला, त्याची बटणं एक घर चुकवून लावली आणि "संध्याकाळपर्यंत शर्ट आणून देतो," म्हणून गेला.

संध्याकाळी आला नाही. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. 'छाती अर्धा इंच जास्त भरली. घेतलं. गाडी आज आहे. तुझं नाव लागलंय, जपून वापरीन. शर्ट इथेच आहे.'

इतक्या लोकांच्या बदल्या केल्या, पण कुठे थांबायचं हे या माणसाला कधी कळलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. "तोंडातून शब्द काढू नकोस," ते म्हणाले. "कळलं तर तो आत जाईल आणि त्याच्याबरोबर तूही." काकींना काय सांगायचं? मी सांगितलं की त्याच्या डोक्यात फौजेचं वेड शिरलं आणि तो आपणहून गेला. माझ्यामुळे गेला हे सांगितलं नाही; चाळीला तर मला फौजेने घेतलं नाही, असंच सांगितलं. काकी दोन दिवस चुलीशी तोंड करून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी माणसांना जेवायला वाढायला लागल्या.

त्याची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची, माझ्या बाबांना लिहिलेली. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.' पलटणीत पत्रं वाचतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं, म्हणून हा पूर्णपणे मी होऊन लिहायचा. माझ्या आईला आई म्हणायचा, आणि शेवटी एक ओळ असायची: 'समोरच्या काकींचे गुडघे आता कसे आहेत? त्यांना जिन्याची चढउतार करू देऊ नये. त्यांचं पाणी कुणी भरतं का?' काकींना वाचता येत नव्हतं. मी पत्र घेऊन समोर जायचो आणि वाचताना 'समोरच्या काकींचे' गाळून 'आई, तुझे गुडघे' असं म्हणायचो. काकी ऐकून म्हणायच्या, "हंय आसताना कधी विचारल्यान नाय. थंय जावन शाणो झालो." मला हसूही यायचं आणि हातातलं पत्र नको व्हायचं.

महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात तो महिन्याच्या सुट्टीवर आला. चाळीवर पताका होत्या, दारादारांत रांगोळ्या, लोक एकमेकांना पेढे भरवत होते आणि त्यात हा आला, अंगाने भरलेला, केस बारीक कापलेले. फौजी झाला म्हणून सगळ्यांनी त्याला 'बदली' न म्हणता त्याच्या खऱ्या नावाने हाका मारल्या. हा वळेच ना. काकी वैतागल्या. "बंदुकीन बहिरो झालो काय?" आणि माझ्या आईने मला हाक मारली की हा ताडकन उभा राहायचा. मी घामाघूम. एकदा गॅलरीत गाठून म्हटलं, "हे कधी संपवणार आहेस तू?"

"काय वाईट चाललंय?" तो म्हणाला. "तुझं नाव चांगलं आहे तिकडं. नेमबाजीत पहिला आलास तू. एकदाही शिक्षा नाही. माझं स्वतःचं नाव असतं तर आतापर्यंत चार वेळा झाली असती. दुसऱ्याची वस्तू म्हणून जपावं लागतं."

मी त्याला शिव्या घातल्या. तो हसला आणि मग कठड्यावर हात टेकून म्हणाला, "सुट्टी संपली की तू जातोस? मी बदली. कायमवाला आला की मी उठलो. साधा नियम आहे."

मला वाटलं, हा थट्टा करतोय. मी हसलो. तो हसत नव्हता. कठड्यावरचे हात काढून म्हणाला, "बरं. जाऊ दे." आणि खाली कुणाचा तरी नंबर धरायला निघून गेला. मी त्या वेळी दादरला कापडाच्या दुकानात नुकता लागलो होतो. माझं लग्न बघत होते. मी गेलो नाही. जाण्याचा विचारही केला नाही.

चीनच्या लढाईत, वर नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या बाजूला, तो मेला. तार आमच्या दारात आली, बाबांच्या नावावर. आपला मुलगा कामी आला. बाबांच्या हातात ती तार आणि मी समोर बसून पेज खातोय. आईने तारेत माझं नाव ऐकलं आणि मी दिसत असूनसुद्धा हंबरडा फोडला. तो ऐकून पहिल्या धावत कोण आल्या, तर समोरच्या काकी. हाताला पीठ, तशाच. माझ्या आईला पोटाशी धरून म्हणाल्या, "काय झाला गो? कोण गेला?"  बाबा भिंतीकडे तोंड करून उभे. मला सांगावं लागलं, की गेला तो तुमचा, माझा दाखला घेऊन माझ्या नावाने भरती झालेला.

पुढे त्याच्या पलटणीतल्या एका साताऱ्याच्या जवानाचं पत्र आलं. मशीनगनवरचा माणूस पडला, तेव्हा तुमचा मुलगा शेजारच्या खंदकातून सरकत गेला आणि त्याच्या जागी बसला, कुणी हुकूम दिला नव्हता. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, राग आला. या माणसाला सगळ्या आयुष्यात एकदा, फक्त एकदा, एखादी जागा रिकामी ठेवता येऊ नये?

मग सरकारी माणसं, पेपरवाले आणि वॉर्डातले पुढारी यायला लागले. शाळेच्या मैदानावर शोकसभा ठरली. माझी. खरं सांगायचं तर आमच्या चाळीत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण एव्हाना सगळं कळलेल्या त्या शंभर बिऱ्हाडांनी ही एक गोष्ट पोटात ठेवली. सभेच्या दिवशी बाबांनी मला अँटॉप हिलला मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाठवून दिलं. तिथे मी दिवसभर खिडकीत बसलो होतो, आणि इकडे माझे आईबाप खुर्च्यांवर बसून हार घेत होते, एक पुढारी माझ्या गणिताच्या गुणांविषयी बोलत होता, आणि काकी मागे बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसल्या होत्या. हे मला फिटरने सांगितलं. सांगताना तो रडत होता. "तुला माहितीय, माझे हार अजून ठेवलेत मी," एवढंच पुढे म्हणाला.

ते ऐकून मात्र माझ्याने राहवलं नाही. सगळं सरकारला लिहून टाकायचं आणि त्याचं नाव त्याला परत द्यायचं असं मी ठरवलं. परळला एक निवृत्त सुभेदार राहायचे, त्यांना आडून विचारलं. ते म्हणाले, "कागद खरा केलात तर तो खोटा ठरेल. दुसऱ्याच्या नावाने भरती झाला, हा गुन्हा. मग शहीद नाही, काही नाही. बघा बुवा." आता हे ठरवणारा मी कोण? मी काकींकडे गेलो.

दुपारची वेळ होती. त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्यात बसलो आणि सगळं सांगितलं. पत्र मला आलं होतं. मी घाबरलो. ताप नव्हता. तो आपणहून गेला नाही, माझ्या बदली गेला. सुट्टीत त्याने मला जायला सांगितलं, तेव्हा मी हसलो.

त्यांचा हात थांबला नाही. निवडता निवडता म्हणाल्या, "तेका कायम केल्यानी, तुझ्या नावार?"

"हो."

"माझ्या घोवान तीस वर्सां साचो चलवल्यान. गिरणीचो कायदो माका ठावक आसा. कायमवालो येयसर बदलीवालो साचो सोडना नाय." एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "तो चुकलो नाय. तू हजर झालंस नाय."

 आजवर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं, पण खरं असं एवढंच.

कागदाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तेका खोटो पाडू नको. ऱ्हवांदे तुझा नाव." म्हणून ते राहिलं. सरकारकडून जे काही आलं ते बाबा जसंच्या तसं समोरच्या खोलीत नेऊन द्यायचे. मी पुन्हा कधी सरकारी अर्ज केला नाही. काही महिन्यांनी त्याची ट्रंक आली. तिच्यात एक कागद होता, वर माझं नाव, माझी जन्मतारीख, आणि खाली 'ओळखीची खूण: डाव्या भुवईच्या वर जुना व्रण.' सबंध कागदावर त्याचं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि तेही त्याने फिटरच्या नावावर मिळवलेलं. तळाशी माझा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, बटणं सगळी बरोबर घरात. काकींनी तो माझ्या हातात दिला. "शर्ट तेवढो तुझो. घेवन जा." मला तो होत नव्हता. दुकानात बसून मी सुटलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा काकींचं पाणी भरायला लागलो. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सकाळी नळ आला की त्यांचे हंडे आधी, मग आमचे. माझी बायको सुरुवातीला कुरकुरायची, नंतर थांबली. खानावळ बंद झाली, काकींचे गुडघे गेले, मग डोळे गेले. दार वाजलं की त्या आतून विचारायच्या, "इलंस?" मी म्हणायचो, "आलो." एकोणीस वर्षं आमचं बोलणं बहुतेक एवढंच. मला त्यांनी कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. त्याच्या नावाने तर नाहीच.

त्या गेल्या तेव्हा गावाहून पुतण्या यायला दोन दिवस लागणार होते. थांबता येत नव्हतं. मडकं कुणी धरायचं, असं कुणी विचारलंही नाही. मी धरलं. स्मशानात सगळं आटोपल्यावर नोंदणीच्या खिडकीपाशी बोलावलं. आत एक चष्मेवाला कारकून मोठी वही उघडून बसला होता.

"मयताशी नातं?" त्याने विचारलं.

"मुलगा."

"पूर्ण नाव?"

माझ्यामागे फिटर उभा होता, चाळीतली दहा-बारा माणसं उभी होती. मी त्याचं नाव सांगितलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट. इतक्या वर्षांत ते मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. कारकुनाने ते सावकाश लिहून घेतलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मी खाली त्याचीच सही केली, जमेल तशी वेडीवाकडी, त्याची असायची तशी. 

तेव्हा मंडळाने स्मरणिका दुरुस्त करायचं काही कारण नाही. शांत, अभ्यासू, गणितात पहिला, राहू द्या सगळं. पण स्मशानाच्या त्या वहीत तो आपल्या आईच्या शेवटच्या कार्याला हजर आहे. त्याचा खाडा पडलेला नाही.